आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील स्त्रियांचे निर्वाद्य समूहगान : प्रस्तावना

वाद्यांच्या साथीवाचून, केवळ कंठाच्या बळावर अनेकांनी मिळून गाण्याच्या पद्धतीला पाश्चात्त्य संगीतव्यवहारात ‘आ कापेला’ असे म्हटले जाते. ही संज्ञा युरोपातील चर्चच्या प्रार्थनागायनातून आलेली असल्यामुळे आफ्रिकी स्त्रियांच्या समूहगानाला ती लावताना थोडी सावधगिरी बाळगावी लागते. चर्चमध्ये वाद्य असू शकते, पण ते मुद्दाम दूर ठेवलेले असते. याउलट खोसा, झुलू किंवा एन्देबेले स्त्रियांच्या गायनात वाद्य दूर ठेवल्याची जाणीव कोणालाच नसते, कारण टाळ्या, जमिनीवर पडणारा पाय, जीभ वेगाने हलवून काढलेला आनंदाचा तीव्र लांबट स्वर आणि घशातून काढलेले घुमारे हे सारे तेथे गाण्याचेच घटक मानले जातात. कंठ आणि शरीर यांची तेथे फारकत झालेली नाही. पुढील विवेचनात ‘निर्वाद्य गायन’ हा शब्द केवळ सोयीसाठी वापरला आहे, आणि त्यात शरीराने निर्माण केलेला ताल समाविष्ट आहे असे समजावे.

आफ्रिका हा पन्नासहून अधिक देशांचा खंड असल्यामुळे ‘आफ्रिकी स्त्रियांचे गायन’ असा एकच विषय कल्पिणे म्हणजे लिस्बनपासून मॉस्कोपर्यंतच्या गाण्याला एका नावाने हाक मारण्यासारखे आहे. म्हणून येथे विषयाची व्याप्ती जाणूनबुजून मर्यादित केली आहे. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातील खोसा भाषक स्त्रिया, त्याच देशाच्या पूर्वेकडील झुलू समाज आणि झिंबाब्वेच्या पश्चिम भागातील एन्देबेले समाज हे या विवेचनाचे मुख्य क्षेत्र आहे. मध्य आफ्रिकेतील अरण्यवासी आका समाजाचा उल्लेख वारशाच्या प्रश्नापुरताच येईल. खोसा, झुलू आणि एन्देबेले या तिन्ही भाषा परस्परांच्या जवळच्या नात्याच्या, तिन्ही समाजांचा इतिहास गेल्या दोनशे वर्षांत मिशन, खाण, रेल्वे आणि वांशिक कायदे यांनी ढवळून काढलेला, आणि तिन्ही ठिकाणी स्त्रियांचे गाणे ‘अनादि काळापासून चालत आलेले’ म्हणून बाहेरच्या जगापुढे मांडले गेलेले आहे. यांतील शेवटची समजूत तपासून पाहणे हा या प्रस्तावनेचा मुख्य हेतू आहे, कारण ज्या गायकीला आज सर्रास पुरुषांची गायकी म्हटले जाते तिच्या घडणीत स्त्रियांच्या गाण्याचा वाटा किती खोलवर आहे, हे त्या समजुतीमुळे झाकले जाते.

प्रारंभ ईस्टर्न केपमधील न्कोको या खेड्यापासून करणे सोयीचे आहे. लेडी फ्रेअर गावाजवळच्या या परिसरात लुम्को नावाची कॅथलिक संस्था होती, आणि तेथे काम करणारे धर्मगुरू व संगीत-अभ्यासक डेव्ह डार्गी यांना १९८० मध्ये थेम्बू खोसा स्त्रियांचा एक गायनप्रकार ऐकायला मिळाला, ज्याचे स्थानिक नाव ‘उम्न्कोकोलो’ असे आहे. या प्रकारात एकच स्त्री एकाच वेळी दोन स्वर काढते: घशातून निघणारा खर्जातला, खरखरीत, जवळजवळ पुरुषी वाटणारा आधारस्वर, आणि त्याच्या वर, शिटीसारखा स्वच्छ ऐकू येणारा दुसरा सूर. हा दुसरा सूर वेगळ्या जागेहून येत नाही. कोणताही नाद हा एकजिनसी नसून त्याच्या पोटात अनेक उच्चतर स्वर दडलेले असतात, आणि तोंडाची पोकळी, जीभ व ओठ यांचा आकार बदलून त्यांपैकी हवा तो स्वर ठळक करता येतो. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून कोणीही न लावलेला गांधार ऐकू येतो आणि त्याला ‘स्वयंभू गांधार’ म्हणतात, हे संगीताशी परिचय असलेल्या मराठी वाचकाला ठाऊक आहे. न्कोकोच्या स्त्रिया अशा स्वयंभू स्वरांची ओळीने निवड करून त्यांतून अखंड चाल बांधतात. मंगोलिया आणि तुवा येथील अशाच गायनाची जगभर कीर्ती आहे, परंतु तेथे ते परंपरेने पुरुषांचे मानले जात असे, तर खोसा समाजात हे कौशल्य स्त्रियांचे आहे. संगीताच्या जागतिक इतिहासात ही गोष्ट तळटीपेत ढकलली जाते, हे अन्यायाचेच आहे.

या प्रकाराच्या एका उपप्रकाराला ‘उम्न्कोकोलो न्गोम्कांगी’ म्हणतात. नोवायिलेथी म्बिझ्वेनी या गायिकेने डार्गी यांना दिलेल्या माहितीनुसार त्याचे मूळ मुलांच्या एका खेळात आहे: उम्कांगी नावाचा उडणारा किडा काट्यावर टोचून तोंडासमोर धरायचा आणि त्याच्या गुणगुणीतले वेगवेगळे स्वर तोंडाचा आकार बदलून ऐकू आणायचे. किड्याच्या बाबतीत हा खेळ क्रूर आहे यात शंका नाही. पण त्या खेळातले ध्वनिशास्त्र अचूक आहे, आणि म्बिझ्वेनी यांनी किड्याच्या जागी स्वतःचा घसा आणून त्याची कला केली. येथे एक बारीक गोष्ट निसटून जाऊ नये. ‘लोकपरंपरा’ या नावाखाली जे निनावी आणि सामूहिक म्हणून नोंदवले जाते, त्यात अशा एकेका स्त्रीची शोधक बुद्धी असते, आणि संग्राहकाने नाव विचारले तरच ती नोंदीत उतरते.

न्कोकोच्या गायनाची स्वररचना समजून घेण्यासाठी मात्र वाद्याकडे वळावे लागते, हे निर्वाद्य गायनाविषयीच्या विवेचनात विसंगत वाटले तरी अपरिहार्य आहे. खोसा स्त्रियांकडे ‘उहाडी’ नावाचे एकतारी धनुष्य असते. त्याला पोकळ भोपळा जोडलेला असून काडीने तारेवर आघात करताना वादक भोपळ्याचे तोंड छातीवर कमी-अधिक टेकवते व त्यातून नादाच्या पोटातले स्वर निवडते. तार मोकळी सोडली तर एक आधारस्वर मिळतो, आणि बोटाने दाबली तर त्याहून एक पूर्ण स्वरांतर चढा दुसरा. आपल्या पद्धतीने पहिल्याला षड्ज मानले तर त्यातून षड्ज, गांधार आणि पंचम उमटतात, दुसऱ्यातून म्हणजे ऋषभातून ऋषभ, तीव्र मध्यम आणि धैवत. असे सहा स्वर मिळून खोसा गायनाचे सप्तक, किंवा अधिक नेमकेपणाने षट्स्वरी सप्तक, तयार होते. स्त्रिया समूहाने गातात तेव्हा वाद्य हाताशी नसले तरी गाणे या दोन आधारस्वरांमध्ये झोके घेत राहते, एका आधारस्वराच्या कुटुंबातून दुसऱ्याच्या कुटुंबात जाते आणि परत येते. धनुष्य येथे कानात असते, असे फार तर म्हणता येईल. या उहाडी-वादनातील आणि न्कोकोच्या गायनसंघातील अग्रणी म्हणजे नोफिनिशी द्यविली. त्या २००२ मध्ये निवर्तल्या. पण तोवर न्कोकोच्या स्त्रियांचे गाणे युरोपातील रंगमंचांवर पोहोचले होते, आणि उहाडीकडे वळलेल्या पुढच्या पिढीतील कलावंतांना त्यांच्या ध्वनिमुद्रणांचा आधार मिळाला.

या समूहगानाची बांधणी वर्तुळाकार असते. म्होरकी स्त्री चरणाची सुरुवात करते, आणि बाकीच्या तिला उत्तर देतात. परंतु हे उत्तर ती थांबल्यावर येत नाही, तिचा चरण चालू असतानाच मध्येच सुरू होते, त्यामुळे दोन किंवा अधिक चाली एकमेकींवर चढत-उतरत फिरत राहतात. म्होरकी बदलते, कोणी नवा शब्द घालते, कोणी टाळीची लय अर्ध्या मात्रेने पुढे सरकवते, आणि तरीही गाण्याचा कणा ढळत नाही. आरंभ आणि शेवट यांना तेथे फारसे महत्त्व नसल्यामुळे तीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिकेत असे गाणे बसवणे हीच त्याची पहिली काटछाट ठरते. दुसरे वैशिष्ट्य भाषेतून आलेले आहे. खोसा, झुलू आणि एन्देबेले या भाषांमध्ये शब्दातील अक्षराचा सूर उंच की खालचा यावर अर्थ अवलंबून असतो. म्हणून एकच शब्द दोन स्त्रिया वेगवेगळ्या उंचीवर गात असतील तर दोघींच्या चालीला साधारण एकाच वेळी चढावे आणि उतरावे लागते. त्यामुळे आवाज समांतर चालतात, आणि कानाला जी भरदार सुसंवादी जुळणी ऐकू येते ती बव्हंशी बोलण्याच्या या शिस्तीतून आलेली असते.

एकोणिसाव्या शतकातील मिशनऱ्यांना ही शिस्त उमगली नाही. युरोपातील स्तोत्रांच्या चालींवर खोसा शब्द बसवले गेले, आणि चाल वर जाते तेथे शब्दाचा सूर खाली, असा विसंवाद शेकडो स्तोत्रांत शिरला. तरी मिशनकडे केवळ आक्रमण म्हणून पाहणे इतिहासाला धरून होणार नाही, कारण खोसा भाषेतील पहिले ख्रिस्ती स्तोत्र ज्याच्या नावावर आहे तो न्त्सिकाना हा खोसा द्रष्टा १८२१ मध्ये वारला, आणि त्याचे स्तोत्र अनेक दशके मुखोमुखी टिकल्यानंतर जॉन नॉक्स बोक्वे या खोसा संगीतकाराने ते लिपिबद्ध केले. त्यासाठी वापरलेली लिपीही ध्यानात घेण्यासारखी आहे. पाच रेघांच्या युरोपीय स्वरलिपीऐवजी सुरांना अक्षरे देणारी ‘टॉनिक सोल-फा’ ही सोपी पद्धत मिशन शाळांनी स्वीकारली. तिचा प्रसार जॉन करवेन यांनी केला असला तरी तिचा पाया नॉर्विच येथील सारा ग्लोव्हर या शिक्षिकेने घातला होता. एका इंग्लिश शिक्षिकेने शाळकरी मुलांसाठी रचलेली ही पद्धत दक्षिण आफ्रिकेतील गायनसंघांच्या हाती आजही आहे. एनोक सोंटोंगा या शिक्षकाने १८९७ मध्ये ‘न्कोसी सिकेलेल इआफ्रिका’ हे गीत रचले तेही याच वातावरणात, आणि त्याचा पुढे देशाच्या राष्ट्रगीतात अंतर्भाव झाला.

मिशन शाळांमधून घडलेल्या स्त्रियांचे उदाहरण म्हणून शार्लोट मान्ये, म्हणजे विवाहानंतरच्या शार्लोट मॅक्सेके, यांच्याकडे पाहणे आवश्यक आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायकांचा ऑर्फियस मॅकअडू यांचा संघ १८९० मध्ये दक्षिण आफ्रिकेत आला आणि गुलामगिरीच्या काळातील अमेरिकी भक्तिगीते त्याने किंबर्लीसारख्या खाणनगरांतील शिकलेल्या आफ्रिकी श्रोत्यांपर्यंत पोहोचवली. त्याच्या प्रभावातून ‘आफ्रिकन क्वायर’ नावाचा संघ उभा राहून १८९१ मध्ये ब्रिटनला गेला, आणि त्यात शार्लोट व त्यांची बहीण केटी या दोघी होत्या. ऑस्बोर्न हाउस येथे व्हिक्टोरिया राणीपुढे त्यांचे गायन झाले. कार्यक्रमाची मांडणी बोलकी होती: पूर्वार्धात गायक-गायिका कातडी आणि मण्यांचा ‘देशी’ वेष करून येत, उत्तरार्धात व्हिक्टोरियन पोशाखात. ज्या सुशिक्षित तरुणी घरी तसा देशी वेष करीत नव्हत्या, त्यांनी लंडनच्या प्रेक्षकासाठी तो अंगावर चढवला, म्हणजे ‘सांस्कृतिक वारसा’ हा प्रयोग म्हणून सादर करण्याची प्रथा निदान तेव्हापासूनची आहे. पुढे शार्लोट दुसऱ्या एका संघाबरोबर अमेरिकेत गेल्या, तो संघ तेथे फुटला, आणि त्यांनी ओहायो राज्यातील विल्बरफोर्स विद्यापीठात शिक्षण घेऊन पदवी मिळवली; अशी पदवी मिळवणाऱ्या त्या दक्षिण आफ्रिकेतील पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री मानल्या जातात. मायदेशी परतल्यावर १९१८ मध्ये त्यांनी ‘बंटू विमेन्स लीग’ स्थापन केली. गायिका म्हणून सुरू झालेला त्यांचा प्रवास संघटक म्हणून पुढे गेला, आणि या दोन भूमिकांमध्ये त्या काळातील स्त्रियांना फारसे अंतर वाटत नव्हते, असे दिसते.

विषयाची खरी गुंतागुंत मात्र खाणींपाशी सुरू होते. १८८६ मध्ये विटवॉटर्सरँड येथे सोने सापडले, १९१३ च्या भूमी कायद्याने आफ्रिकी लोकांसाठी देशाची जेमतेम सात टक्के जमीन राखून ठेवली, आणि करांच्या ओझ्याखाली खेड्यांतील पुरुषांना मजुरीसाठी शहरात जाणे भाग पडले. त्यांची कुटुंबे सोबत येऊ नयेत अशी व्यवस्था कायद्याने आणि वसतिगृहांच्या रचनेने केली होती. या पुरुषी वसतिगृहांमध्ये शनिवारी रात्री गायनस्पर्धा भरू लागल्या. या स्पर्धांतून जी निर्वाद्य गायकी आकाराला आली तिच्या जुन्या, दमदार, मोठ्या आवाजाच्या रूपाला ‘म्बुबे’ आणि नंतरच्या, पाय न वाजवता हलक्या चालीने नाचत गायच्या रूपाला ‘इसिकाथामिया’ म्हणतात. परीक्षक निःपक्ष असावा म्हणून रस्त्यावरून जाणाऱ्या एखाद्या अनोळखी गोऱ्या माणसालाच पकडून आणायची चाल होती, आणि त्याला गाण्याची भाषा कळत नसे, हीच त्याची पात्रता मानली जाई.

सॉलोमन लिंडा आणि ‘ओरिजिनल इव्हिनिंग बर्ड्‌स’ यांनी १९३९ मध्ये जोहान्सबर्गच्या गॅलो स्टुडिओत ‘म्बुबे’, म्हणजे सिंह, हे गाणे ध्वनिमुद्रित केले, आणि त्या गाण्याचेच नाव पुढे गायकीला मिळाले. या गायकीची स्वररचना ऐकताना एक गोष्ट लक्षात येते. खाली खर्जाच्या आवाजांचा जाड थर असतो, त्यावर मधले आवाज, आणि सर्वांत वर एकच एकटा आवाज असतो, जो पुरुषाने कृत्रिम चढ्या पट्टीत, स्त्रीच्या उंचीवर लावलेला असतो. लिंडा स्वतः हाच आवाज लावत. शिवाय व्हाइट एर्लमन यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की म्बुबेने झुलू खेड्यांतील लग्नगीतांकडून पुष्कळ काही घेतले, आणि लग्नगीते ही मुली आणि मुले, करवल्या आणि वऱ्हाडी यांची समाईक मिळकत होती. ज्या वसतिगृहातून स्त्रियांना बाहेर ठेवले होते त्यात स्त्रियांची पट्टी आणि त्यांच्या समारंभांतील चाली या मार्गाने आत आल्या. गायकी पुरुषांची झाली ती तेथे फक्त पुरुषच राहू शकत होते म्हणून. तिच्या स्वभावात पुरुषत्वाचे काही बीज होते, असे मानण्याला आधार नाही. एवढे एक ध्यानात घेतले तर पुढच्या काळातील स्त्रियांचा या गायकीतील प्रवेश हा ‘पुरुषांच्या क्षेत्रात पाऊल’ ठरत नाही.

दरम्यान खेड्यांत मागे राहिलेल्या स्त्रियांचे गाणे कामाशी, दीक्षाविधींशी आणि चर्चशी बांधलेले होते. उखळात धान्य कांडताना मुसळांच्या लयीवर म्हटलेली गाणी हा दक्षिण आणि पूर्व आफ्रिकेतील मोठा साठा आहे. लेरॉय व्हेल आणि लँडेग व्हाइट या अभ्यासकांनी असे मांडले आहे की या भागात जे बोलून दाखवणे शक्य नसते ते गाण्यातून म्हणण्याची मुभा समाजाने मान्य केलेली असते, आणि सासरची माणसे, गैरहजर नवरा, गावचा मुखिया किंवा मळ्यावरचा गोरा मालक यांच्यावरची टीका गाण्याच्या आडोशाने निभावून जाते. तयार पीठ आणि इंधनावर चालणाऱ्या गिरण्या आल्यावर उखळाचा प्रसंग कमी होत गेला. गाणी काही प्रमाणात चर्चच्या महिला संघटनांत आणि अंत्यविधींच्या जागरणांत गेली, काही नाहीशी झाली.

गाण्याची हीच मुभा ९ ऑगस्ट १९५६ रोजी राजकीय कामाला आली. कृष्णवर्णीय स्त्रियांवरही ‘पास’ची, म्हणजे सतत जवळ बाळगायच्या परवान्याची, सक्ती करणाऱ्या कायद्याविरुद्ध सुमारे वीस हजार स्त्रिया प्रिटोरियाच्या युनियन बिल्डिंग्जवर गेल्या, लिलियन न्गोयी, हेलन जोसेफ, रहिमा मूसा आणि सोफिया विल्यम्स यांनी त्यांचे नेतृत्व केले, निवेदनांचे गठ्ठे पंतप्रधानांच्या दालनाशी ठेवले गेले, आणि अर्धा तास संपूर्ण शांत उभे राहिल्यानंतर तो जमाव गाऊ लागला. एवढ्या संख्येने, कोणतेही वाद्य नसताना, वेगवेगळ्या भाषांच्या स्त्रिया एकदम अनेक पट्ट्यांत गाऊ शकल्या, यामागे चर्च, शाळा आणि खेडे यांतून अंगवळणी पडलेली गायनशिस्त होती. तिची वेगळी तालीम घ्यावी लागली नाही. तो दिवस आता दक्षिण आफ्रिकेत राष्ट्रीय महिला दिन म्हणून पाळला जातो.

व्यावसायिक क्षेत्रात याच दशकात मिरियम मकेबा ‘स्कायलार्क्स’ या स्त्रियांच्या संघातून पुढे आल्या. त्यांच्या संघाला वाद्यांची साथ असल्यामुळे ते गायन या विवेचनाच्या कक्षेच्या किंचित बाहेर पडते, पण ‘कोंगकोथ्वाने’ हे खोसा लग्नगीत त्यांनी जगाच्या कानी घातले, हे विसरून चालत नाही. इंग्रजी श्रोत्यांना त्यातील जिभेचे टकटक आवाज हीच नवलाई वाटली आणि गाण्याला नावही तेच पडले. स्वतः मकेबांना आपली भाषा कुतूहलाची वस्तू झाल्याचा त्रास होत असे. योगायोग असा की या गाण्यातही एक किडाच आहे, अर्थात उम्कांगीहून वेगळा, ठोके देणारा. १९६० मध्ये त्यांचे पारपत्र रद्द झाले आणि आईच्या अंत्यविधीलाही त्यांना मायदेशी येता आले नाही.

म्बुबे गायकी झिंबाब्वेत पोहोचली ती खाणींवरून परतणारे मजूर, रेल्वे आणि ग्रामोफोन यांच्या मार्गाने. एन्देबेले समाज हा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात म्झिलिकाझी याच्या मागोमाग झुलू राज्यातून उत्तरेकडे सरकलेल्या लोकांचा. त्यांची भाषा झुलूच्या इतकी जवळची की गाणी नेताना भाषांतराची गरजच पडली नाही. बुलावायो हे १८९७ मध्ये रेल्वेने जोडलेले औद्योगिक शहर या गायकीचे केंद्र झाले आणि तेथे तिला ‘इम्बुबे’ म्हणू लागले. १९८२ मध्ये स्थापन झालेला ‘ब्लॅक उम्फोलोसी’ हा पुरुषांचा संघ परदेशात नावाजला गेला. संघाच्या स्थापनेनंतर लगेचच, १९८३ पासून पाच वर्षे, एन्देबेले प्रदेशाला स्वतंत्र झिंबाब्वेच्याच सैन्याकडून भीषण हिंसाचार सोसावा लागला आणि हजारो नागरिक मारले गेले. त्यामुळे या भागात एन्देबेले भाषेत, एन्देबेले रीतीने गाणे ही गोष्ट निव्वळ करमणुकीची राहिलेली नाही.

याच शहरात २०११ मध्ये ‘नोबुंटू’ हा पाच तरुण स्त्रियांचा संघ उभा राहिला. इम्बुबे ही पुरुषांची गायकी, तिच्यातला भारदस्त खर्ज आणि आक्रमक पदन्यास स्त्रियांना शोभत नाही, असा समज तेथे दृढ होता. नोबुंटूने या अडचणीची सोडवणूक आवाजांच्या वाटणीतच केली आहे, आणि ती बारकाईने ऐकण्यासारखी आहे. पुरुषांच्या संघात पाच-सहा जण खर्ज धरून ठेवतात आणि एकटा आवाज वर तरंगतो. येथे पाचच आवाज असल्यामुळे खर्जाचा थर एका खालच्या स्त्री-आवाजावर येतो, आणि उरलेल्या चौघी जवळजवळच्या पट्ट्यांतून फिरत राहतात, म्होरकेपण एकीकडून दुसरीकडे जाते. त्यामुळे म्बुबेतला भिंतीसारखा ठोसपणा जातो आणि त्याच्या जागी खोसा-झुलू खेड्यांतील स्त्रियांच्या वर्तुळाकार गायनाची सैल वीण पुन्हा दिसू लागते. काही गाण्यांत त्या ‘म्बिरा’, म्हणजे लाकडी फळीवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्या अंगठ्यांनी छेडायचे शोना समाजाचे वाद्य, आणि ढोल यांचा वापर करतात, शोना भाषेतही गातात, आणि स्तोत्रगायन व अमेरिकी भक्तिगीतांचे संस्कारही लपवीत नाहीत. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्या समीक्षकाला हे भेसळीचे वाटेल, परंतु वरचा इतिहास पाहता भेसळ नसलेले असे या गायकीत कधी काही होते, हे दाखवणे कठीण आहे. ‘ओबेब्स बेम्बुबे’ हे त्यांच्या एका ध्वनिमुद्रिकेचे नाव गायकीवरचा हक्क थट्टेच्या सुरात पण स्पष्टपणे सांगते. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतात त्याआधीच नेली शबालाला यांनी ‘विमेन ऑफ माम्बाझो’ हा संघ बांधला होता, हेही येथे नोंदवले पाहिजे. त्यांचे पती जोसेफ शबालाला यांच्या ‘लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो’च्या जगभरच्या प्रसिद्धीपुढे तो संघ झाकोळला गेला.

वारसा कोणाचा आणि तो जपायचा कसा, या प्रश्नाला व्यावहारिक बाजू आहे. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातील आका समाजाचे बहुध्वनी गायन, म्हणजे एकाच वेळी अनेक स्वतंत्र चाली गुंफणारे गायन, युनेस्कोने २००३ मध्ये मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून घोषित केले. त्या गायनात प्रत्येक आवाजाला नाव असते: एकाला ‘गाण्याची आई’ म्हणतात, आणि वरच्या पट्टीत आवाज झटकन मोडत गायची भूमिका बहुतेक स्त्रियांकडे असते. या गुंफणीची उकल सिम्हा आरोम यांनी गायकांना एकमेकांचे ध्वनिमुद्रण ऐकवून एकेक आवाज सुटा करण्याच्या पद्धतीने केली, आणि त्यांच्या ग्रंथाच्या इंग्रजी आवृत्तीला हंगेरियन संगीतकार ग्यॉर्गी लिगेती यांनी प्रस्तावना लिहिली. घोषणेमुळे प्रतिष्ठा मिळते हे खरे, परंतु आका लोकांचे गाणे शिकार, मध गोळा करणे आणि अरण्यातील वस्ती बदलणे यांवर उभे आहे, आणि अरण्य लाकूडतोडीकडे गेले तर यादीतील नोंद गाण्याला वाचवू शकत नाही.

दुसरी बाजू हक्कांची. लिंडा यांनी ‘म्बुबे’चे हक्क दहा शिलिंगांना दिल्याचे सांगितले जाते, ते १९६२ मध्ये दारिद्र्यात वारले, आणि त्यांच्या चालीवरचे इंग्रजी गाणे मात्र तोवर अमेरिकेत गाजत होते व पुढे ‘द लायन किंग’ या चित्रपटातही आले. १९११ च्या ब्रिटिश कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी हक्क वारसांकडे परत येण्याची तरतूद होती, तिच्या आधारे लिंडा यांच्या मुलींच्या वतीने २००४ मध्ये दावा झाला आणि २००६ मध्ये तडजोड होऊन त्यांना मोबदल्यात वाटा मिळाला. तेथे निदान एक रचनाकार होता, एक मुद्रिका होती, एक तारीख होती. न्कोकोच्या गाण्यांवर मात्र ‘पारंपरिक’ असा शिक्का बसतो, आणि ज्याचा कर्ता सांगता येत नाही त्याचे रक्षण करायला प्रचलित स्वामित्व-हक्क कायदा जवळजवळ असमर्थ आहे. ह्यू ट्रेसी यांनी आफ्रिकाभर फिरून मुद्रित केलेल्या आणि त्यांनी १९५४ मध्ये स्थापन केलेल्या ‘इंटरनॅशनल लायब्ररी ऑफ आफ्रिकन म्युझिक’मध्ये जतन झालेल्या दोनशेहून अधिक तबकड्यांबाबतही हाच पेच आहे. संस्था आज मखांडा येथील ऱ्होड्‌स विद्यापीठात आहे, आणि जुनी मुद्रणे ज्या गावांतून आली तेथे परत नेऊन ऐकवण्याचे काम तिने हाती घेतले आहे. मुद्रण ऐकताना आपल्या आजीचा आवाज ओळखणारी नात तेथे भेटली तर ‘पारंपरिक’ या शिक्क्याच्या जागी निदान एक नाव लिहिता येते.

शेवटी लेखनपद्धतीविषयी. खोसा, झुलू आणि एन्देबेले भाषांतील जिभेने काढायचे टिचकीचे वर्ण देवनागरीत दाखवण्याची सोय नाही. ‘इसिकाथामिया’तील ‘का’चा मूळ उच्चार हळहळताना मराठी माणूस जो ‘च्च्’ असा आवाज काढतो त्याच्या जवळचा आहे, तर ‘न्कोको’ आणि ‘उम्न्कोकोलो’ यांतील आवाज टाळूपासून जीभ खाली ओढून काढलेल्या ठसठशीत ‘टक्’सारखा आहे, ‘खोसा’ या नावाचा आरंभही मुळात गालाच्या बाजूने काढलेल्या टिचकीने होतो. येथे सर्वत्र जवळचे देवनागरी अक्षर वापरले आहे. मकेबांची किंवा न्कोकोच्या गायनसंघाची मुद्रणे ज्यांनी ऐकली असतील त्यांना हे लिप्यंतर ओबडधोबड वाटेल. पश्चिम आफ्रिका, इथिओपिया, मादागास्कर आणि उत्तरेतील वाळवंटी प्रदेशांतील स्त्रियांचे गायन या विवेचनाबाहेर राहिले आहे; त्यांचा इतिहास वेगळ्या व्यापारमार्गांशी व वेगळ्या धर्मांशी निगडित असल्यामुळे त्यांना ओझरता स्पर्श करण्यापेक्षा स्वतंत्र ग्रंथासाठी सोडणे अधिक योग्य ठरेल.